कर्करोगाच्या पेशीला वाट कोण दाखवते?

स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली, काखेतील लसिका ग्रंथी तपासल्या, किरणोपचारही पार पडले. अहवाल समाधानकारक आला. तरीही डॉक्टर एक छोटी गोळी रोज, पाच वर्षे आणि कधी कधी त्याहूनही अधिक काळ घेण्यास सांगतात. सत्तरीच्या उंबरठ्यावरील रुग्णेला आणि तिची औषधे सांभाळणाऱ्या यजमानांना, मुलांना, सुनांना एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही : रोग काढून टाकला, मग ही गोळी कशासाठी? त्यातच सांधे दुखू लागतात, अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते. आणि एखाद्या दिवशी कोणालाही न विचारता ती गोळी बंद केली जाते.

या प्रश्नाचे उत्तर पेशींच्या प्रवासात दडलेले आहे. स्तनातील गाठ स्तनापुरतीच राहिली, तर ती सहसा प्राणघातक ठरत नाही. खरा धोका निर्माण होतो तो तेथील पेशी हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत जाऊन वस्ती करतात तेव्हा. हा प्रवास पेशी आपल्या मनाने करीत नाही. ‘शेजारणींपासून सुटी हो’, ‘पुढे चाल’, ‘इकडे ये’, ‘येथे स्थिरावून वाढ’ असे निरोप तिला पदोपदी मिळत असतात. हे निरोप कोण धाडते, पेशी ते कसे ऐकते आणि आजची औषधे ते कोठे अडवतात, हे समजून घेतले की त्या छोट्या गोळीचे मोल आपोआप कळते.

पेशींची बोली

आपल्या शरीरातील पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. एक पेशी एखादे संदेशवाहक प्रथिन किंवा संप्रेरक बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीजवळ ते नेमके ओळखून पकडणारे प्रथिन असते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. तपासणीच्या अहवालात हाच शब्द ‘रिसेप्टर’ म्हणून भेटतो. काही ग्राही पेशीच्या आत असतात, पण पुष्कळसे तिच्या आवरणात रोवलेले असतात. अशा ग्राहीची तुलना दारावरच्या घंटेशी करता येईल. कळ बाहेर दाबली जाते, नाद घरात घुमतो. ग्राहीच्या बाहेरच्या टोकाला संदेश चिकटला की आतले टोक जागे होते आणि निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. तेथे काही जनुके कार्यान्वित होतात, काही मिटतात. काही निरोप केंद्रकाकडे न जाता थेट पेशीच्या आतील सांगाड्याकडे जातात आणि तिचा आकारच बदलू लागतात.

पेशींची वाढ घडवून आणणाऱ्या अशा संदेशवाहक प्रथिनांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-माँतालचिनी या शास्त्रज्ञांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोहेन यांनी शोधलेले ‘ईजीएफ’ हे प्रथिन जखम भरून येण्यास मदत करते. भाजी चिरताना बोट कापले, तर जखमेच्या कडेच्या पेशींना निरोप मिळतो. त्या सैल होतात, सरकत सरकत उघडी जागा झाकतात आणि समोरून येणाऱ्या पेशी भेटताच थांबतात. गर्भाच्या वाढीतही पेशी अशाच दूरवर चालत जाऊन आपापली जागा घेतात.

म्हणजे चालणे हे पेशींचे मूळचे, निरोगी कसब आहे. कर्करोगाची पेशी तेच कसब अवेळी आणि अस्थानी वापरते. ‘आता थांब’ हा निरोप तेवढा ती ऐकेनाशी होते.

वीण सैल होते

स्तनातील दुग्धवाहिन्यांना आतून पेशींचे अस्तर असते. या पेशी एकमेकींना ‘ई-कॅडहेरिन’ नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून असतात आणि त्यांच्याभोवती एक पातळ पण चिवट पडदा असतो. कर्करोग जोवर या पडद्याच्या आत आहे, तोवर त्याला पसरण्यास वाव नसतो.

‘टीजीएफ-बीटा’ हे एक संदेशवाहक प्रथिन निरोगी पेशींची वाढ आवरते. रोग पुढे गेला की अनेक कर्कपेशी त्याचा हा लगाम जुमानत नाहीत. उलट त्याच निरोपाने त्यांचे रूप पालटू लागते. ई-कॅडहेरिन कमी होते आणि वीण सैल होते. पेशीच्या आत ‘रॅक’ व ‘ऱ्हो’ ही प्रथिने सांगाड्याच्या तंतूंची जुळवाजुळव करतात. पेशी पुढच्या बाजूने एक पाऊल बाहेर काढते, त्याने भोवतालच्या कोलॅजेनच्या धाग्याला पकडते आणि मग मागचा भाग ओढून घेते. वाटेतला पडदा विरघळवणारी विकरेही ती सोडते.

हा निरोप पोहोचवणाऱ्या तारांपैकी एक महत्त्वाची तार म्हणजे ‘पीआय-थ्री-के’. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, ‘हर-टू’ जास्त नसलेल्या स्तनकर्करोगांपैकी सुमारे ४० टक्क्यांत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळतो. तेव्हा कोणी कळ दाबली नाही तरी घंटा वाजतच राहते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अहवालात ‘लोब्युलर कार्सिनोमा’ असा उल्लेख असेल, तर तो १० ते १५ टक्के रुग्णांत आढळणारा प्रकार होय. त्यात बहुधा ई-कॅडहेरिन आरंभापासूनच हरवलेले असते. पेशी गोळा होण्याऐवजी मुंग्यांसारख्या एकामागून एक रांगेने पसरतात. त्यामुळे हाताला टणक गाठ न लागता स्तनाचा एखादा भाग नुसताच जाड किंवा ओढल्यासारखा वाटतो आणि मॅमोग्राफीतही तो चटकन दिसत नाही. गाठ लागत नाही म्हणून काळजी नाही, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सगळ्याच पेशी एकेकट्या निघतात असेही नाही. पुष्कळदा त्या एकमेकींना धरून, छोट्या टोळ्यांनी निघतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, रक्तात एकट्याने फिरणाऱ्या पेशींपेक्षा अशा टोळ्यांना नव्या जागी मूळ धरणे कितीतरी सोपे जाते.

घरचा भेदी

शरीराच्या संरक्षणदलात ‘मॅक्रोफेज’ नावाच्या भक्षक पेशी असतात. जंतू गिळणे, मृत पेशींचा कचरा उचलणे, जखम भरण्यास हातभार लावणे ही त्यांची कामे. गाठीच्या आसपास त्या मोठ्या संख्येने जमतात. त्या रोगाशी लढत असतील, असे कोणालाही वाटेल.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये जॉन कोंडीलिस, जेफ्री पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच दृश्य पाहिले. जिवंत उंदराच्या गाठीत खोलवर पाहू शकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कर्कपेशी आणि मॅक्रोफेज जोडीने चालताना दिसल्या. कर्कपेशी ‘सीएसएफ-वन’ हे प्रथिन सोडून मॅक्रोफेजला जवळ बोलावते; मॅक्रोफेज उलट ईजीएफ सोडते आणि त्याच्या रोखाने कर्कपेशी पुढे सरकते. अशी एकमेकींना साद घालत ही जोडी रक्तवाहिनीपर्यंत जाते. दोन्हींपैकी एकीचाही निरोप अडवला, तर दोघींची चाल मंदावते, असेही या संशोधनातून दिसले. जखम भरण्यासाठी असलेली व्यवस्था अशी रोगाच्या कामी येते.

बी आणि जमीन

स्तनाचा कर्करोग शरीरात कोठेही सारख्याच प्रमाणात पसरत नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. बी वाऱ्याबरोबर सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पेशी हे बी आणि अवयव ही जमीन.

जमीन बियाला बोलावतेसुद्धा, हे कळायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, स्तनकर्करोगाच्या पेशींवर ‘सीएक्ससीआर-फोर’ हा ग्राही मोठ्या प्रमाणात असतो, आणि त्याला साद घालणारे प्रथिन लसिका ग्रंथी, फुप्फुसे, यकृत आणि अस्थिमज्जा येथे मुबलक तयार होते. हीच ती ठिकाणे, जेथे हा रोग वारंवार पोहोचतो.

धीर देणारी गोष्टही येथेच आहे. रक्तप्रवाहात शिरणे म्हणजे रुजणे नव्हे. प्रयोगांत असे दिसते की, रक्तात शिरलेल्या दहा हजार पेशींपैकी एखादीही क्वचितच नवी गाठ निर्माण करू शकते. बाकीच्या रक्ताच्या ओघात, संरक्षणपेशींच्या तावडीत किंवा परक्या जमिनीत मरून जातात.

मात्र काही पेशी मरतही नाहीत आणि वाढतही नाहीत. त्या निद्रिस्त राहतात. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनकर्करोगात पाच वर्षांच्या उपचारांनंतरही, अगदी विसाव्या वर्षापर्यंत, काही रुग्णांत रोग परतताना दिसतो तो यामुळे. शल्यचिकित्सक गाठ काढतो. गाठ काढण्यापूर्वीच जी पेशी निघून गेली, तिच्यापर्यंत त्याची सुरी पोहोचत नाही. रोजची गोळी असते ती तिच्यासाठी.

हाडांतील दुष्टचक्र

स्तनकर्करोगाला सर्वांत मानवणारी जमीन म्हणजे हाड. आपले हाड वरून दगडासारखे दिसले तरी ते आयुष्यभर मोडत आणि बांधले जात असते. जुने हाड झिजवणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे हाड रचणाऱ्या वेगळ्या. हाडात पोहोचलेली कर्कपेशी एक प्रथिन सोडते, त्यामुळे हाड रचणाऱ्या पेशी ‘रँक-एल’ नावाचा निरोप वाढवतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. झिजणाऱ्या हाडात साठवलेले टीजीएफ-बीटा आणि इतर वृद्धिकारक पदार्थ मोकळे होतात. ते कर्कपेशीला खाद्यासारखे मिळतात, ती आणखी वाढते आणि हाड आणखी झिजते.

हे चक्र तोडणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ‘झोलेड्रोनिक ॲसिड’ हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. ‘डेनोसुमॅब’ रँक-एल हा निरोपच पकडून ठेवते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, रोग प्राथमिक अवस्थेत असतानाच झोलेड्रोनिक ॲसिडच्या गटातील औषधे दिली, तर हाडांत रोग परतण्याचे आणि त्या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून २०१५ मध्ये स्पष्ट झाले. पॅजेट यांच्या विचाराला मिळालेली ही पावतीच होय : बियाला हात न लावता जमीन बदलली, तरी पीक कमी येते.

औषधे निरोप कोठे अडवतात

पेशीचे वाढणे, तगणे आणि चालणे यांचे निरोप बव्हंशी एकाच तारांतून जातात. म्हणून वाढीचा निरोप अडवणारे औषध निघून गेलेल्या पेशीचीही रसद तोडते.

जगभरातील स्तनकर्करोगांपैकी बहुसंख्य कर्करोग इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप ऐकतात. ‘टॅमॉक्सिफेन’ पेशीतील इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर ठाण मांडते आणि निरोपाला जागाच ठेवत नाही. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांचे काम थांबले तरी चरबीसारख्या ऊतींमध्ये थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. ‘लेट्रोझोल’, ‘अनॅस्ट्रोझोल’ ही औषधे ते तयार होणेच रोखतात. म्हणून वयस्कर स्त्रियांना यांपैकी एखादे औषध बहुधा दिले जाते. अशा रुग्णांत पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास त्या काळात रोग परतण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते आणि पुढील पंधरा वर्षांच्या हिशेबात स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. रोजच्या एका गोळीने साधणारी ही गोष्ट थोडी नव्हे.

साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत ‘हर-टू’ हा ग्राही प्रमाणाबाहेर असतो. त्या पेशीच्या दारावर जणू शेकडो घंटा असतात. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘ट्रास्टुझुमॅब’ या ग्राहीला बाहेरून जखडून टाकते. पूर्वी सर्वांत आक्रमक समजल्या जाणाऱ्या या प्रकाराचे चित्र त्यामुळे पालटले.

परळमधील एक चाचणी

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका चाचणीने या विषयात महत्त्वाची भर घातली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला हात लागतो, तेव्हा काही पेशी प्रवासाला उद्युक्त होत असतील का, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न. कर्कपेशींच्या आवरणात विद्युतभारित सोडियमची ये-जा करणारी द्वारे असतात आणि पेशीच्या हालचालीत त्यांचा वाटा असतो, असे प्रयोगशाळांत दिसले होते. दात काढताना डॉक्टर हिरडीत देतात ते ‘लिडोकेन’ हे बधिर करणारे औषध हीच द्वारे बंद करते.

२०११ ते २०२२ या काळात देशातील ११ केंद्रांवर, थेट शस्त्रक्रिया होणार असलेल्या १,५८३ स्त्रियांचा या चाचणीत अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीच्या सभोवती लिडोकेनचे इंजेक्शन दिले गेले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ८६.४ टक्के होते. हा परिणाम नेमका कोणत्या मार्गाने घडतो, हे अजून पूर्णपणे सिद्ध व्हायचे आहे. तरीही अत्यंत स्वस्त, कोणत्याही शस्त्रक्रियागृहात मिळणाऱ्या औषधाने असा फरक पडावा, ही मोलाची बाब आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या शल्यचिकित्सकांना याविषयी अवश्य विचारावे.

बशीतील यश आणि रुग्णाचे यश

प्रत्येक अडथळा यशस्वी होतोच असे मात्र नाही. पेशीला वाट करून देणाऱ्या विकरांना रोखणारे ‘मॅरिमास्टॅट’ हे औषध प्रयोगशाळेत आशादायक ठरले होते. स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणीत त्याने आयुष्य वाढले नाही. उलट स्नायू व सांधे दुखू लागले. एक वाट बंद झाली की पेशी दुसरी शोधते, हा त्यातला धडा.

हळदीतील घटकाने पेशींची चाल मंदावते, अमुक पाल्याच्या रसाने कर्करोग पसरत नाही, असे मजकूर भ्रमणध्वनीवर नित्य फिरतात. काचेच्या बशीतील पेशींवर असे परिणाम खरोखर दिसलेले असू शकतात. परंतु हळदीतील तो घटक पोटातून रक्तात फारच थोडा उतरतो, आणि बशीतील पेशीला ना मॅक्रोफेजची सोबत असते ना हाडाची जमीन. स्वयंपाकातील हळद अवश्य खावी. तिच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

घरात काय लक्षात ठेवावे

गोळी परस्पर बंद करू नये. सांधेदुखी, वाफा, निद्रानाश यांवर उपाय असतात. औषध बदलूनही पाहता येते. नैराश्यासाठी दिली जाणारी पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी काही औषधे टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करतात; म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला किंवा एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर त्वरित कळवावे. एकाएकी धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

लेट्रोझोलच्या गटातील औषधांनी हाडे विरळ होतात. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांविषयी विचारावे. झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी व उपचार उरकून घ्यावेत. नंतर दात काढल्यास जबड्याच्या हाडाला क्वचित इजा होऊ शकते. ट्रास्टुझुमॅब चालू असताना हृदयाची सोनोग्राफी ठरल्या वेळी करावी.

नव्या दुखण्याचे खापर वयावर फोडू नये. पाठीत, कमरेत किंवा बरगडीत सतत राहणारी, विशेषतः रात्री वाढणारी वेदना, आठवडे टिकणारा खोकला, कावीळ, न थांबणारी डोकेदुखी यांची नोंद घ्यावी. पाय लुळे वाटू लागले किंवा लघवी-शौचावरचे नियंत्रण गेले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. हाडांत पसरलेल्या रोगात रक्तातील कॅल्शियम वाढून खूप तहान, बद्धकोष्ठता, गुंगी आणि भ्रम दिसतो. आजी अलीकडे विसरायला लागल्या, असे म्हणून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात. साध्या रक्ततपासणीने ते ओळखता येते आणि उपचारही होतो.

सुई टोचली की कर्करोग पसरतो, या समजापायी तपासणी लांबवू नये. सुईने तुकडा काढल्यामुळे रुग्णांचे आयुष्य घटते, असे आढळलेले नाही. निदान मात्र लांबते आणि तेवढा अवधी पेशींना मिळतो.

शेवटी एक गोष्ट विशेषतः पन्नाशी उलटलेल्या भगिनींसाठी. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली, तर पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. पेशी घराबाहेर पडण्यापूर्वी तिला गाठण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. घरातील आई, आजी, मावशी, आत्या यांची अशी तपासणी शेवटची कधी झाली, हे आजच विचारावे; आणि झाली नसेल, तर या महिन्यातच त्यांना घेऊन जावे.